मदत हवी आहे : इंजिन बांधल्यावर आरएक्स १०० ची रेस उतरत नाही

बाबांच्या यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकचं इंजिन नुकतंच पूर्ण बांधून घेतलं. बोअर, पिस्टन, क्रँकचे बेअरिंग, ऑइल सील, सगळं नवं. थंड असताना पहिल्या किकला सुरू होते. गरम झाली की थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही, चढावर गुदमरते. प्लग पांढराफटक निघतोय, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त पडतेय.

मेकॅनिक म्हणतात, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) वाढवू. मला वाटतं कुठूनतरी हवा ओढतेय. अशीच चालवली आणि नवा पिस्टन धरला (जाम झाला) तर सगळा खर्च पाण्यात, म्हणून गाडी उभीच ठेवलीय.

इनटेकच्या रबरावर, रीड ब्लॉकच्या (इंजिनात हवा-पेट्रोल घेणाऱ्या झडपेच्या) कडेला कार्ब क्लीनर मारला. रेसमध्ये काहीच फरक नाही, म्हणजे तिथून हवा ओढत नसावी. गिअर ऑइल कमी होत नाही, धूरही नाही, म्हणजे क्रँकचा क्लचकडचा सील ठीक असावा. मग दुसऱ्या टोकाचा, मॅग्नेटकडचा का? इंजिन पुन्हा न खोलता तो कसा तपासायचा? पुण्यात टू-स्ट्रोकची प्रेशर टेस्ट (इंजिनात हवा भरून गळती शोधणं) कोणी करतं का?