अनुभव धागा: माणसं सोसताना

टिळकवाडीची सून
कपाटातला कागद बदलत होते, तर खाली 2009 च्या कॅलेंडरचं पान. पेन्सिलीच्या रेघा मारलेल्या. सासूबाईंना विसरायला व्हायचं तेव्हा. दर दहा मिनिटाला, "दूध आलं काय गं?" प्रभू येशूनं आपल्या शिष्याला, पेत्राला, सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर म्हणून सांगितलं, म्हणजे 490. म्हटलं मोजूयाच! रागानंच. पस्तिसाव्या रेघेला त्या शेजारी येऊन उभ्या. "धोब्याचा हिशेब काय?" मी होय म्हटलं. तर पदराची गाठ सोडून दोन रुपये हातावर ठेवले. "देऊन टाक. लोकांचं ठेवू नये."
पुढं रेघ मारली नाही. चिडणं थांबलं नाही, खोटं कशाला बोलू. तुमचंही लिहा की.

शिवारातला
खानापूर. लावणी चाललीय, हात चिखलाचे, चुका माफ. बायबलात याकोब 5:7 मधला शेतकरी पहिल्या नि शेवटच्या पावसासाठी थांबतो. तिकडं पहिला पाऊस पेरणीला, शेवटचा दाणा भरताना. पावसासाठी मी पण थांबतो. भावानं बांधाचं पाणी उशिरा सोडलं की मात्र डोकं फिरतंय.

कॅम्पातला
ताई, काही भाषांतरात 490 नाही, 77 च आहे 😄

टिळकवाडीची सून
नको बाबा, दोन दिवसांत संपले असते!

निपाणीची लेक
हसले, पण एक बोलू? सोसा सोसा हे बायकांनाच ऐकवतात. मोठ्या जावेचं मी बारा वर्षं सोसलं. मत्तय 18 मध्ये पेत्राच्या प्रश्नाच्या आधीच लिहिलंय, भावानं अपराध केला तर एकांती गाठून त्याला सांग. ते कोण वाचून दाखवत नाही. शेवटी चहा ठेवून जावेला सांगितलं. ती रडली. मी पण. चहा उतू गेला.

शिवारातला
मग आता बोलता काय?

निपाणीची लेक
बोलतो. भांडतो पण.

गेटवर अडकलेला
दुसऱ्या गेटला उभा आहे, मालगाडी संपेना. मागचा हॉर्न वाजवतोय, शेजारची अक्का म्हणतेय "ताळिदवनु बाळियानु". सोसेल तो जगेल. हॉर्नवाल्याला कन्नड येत नसावं.

कॅम्पातला
येताना कुंदा मिठाई घेऊन ये रे. चर्चच्या कोयरची प्रॅक्टिस सातला आहे, मागच्या वेळी पाऊण तास थांबवलास.

गेटवर अडकलेला
गाडी गेली! पाव किलो का अर्धा?

टिळकवाडीची सून
अर्धा. ते पान परत कपाटातच ठेवलं. कुकर झाला, जाते.