बोलेरोला टो हूक बसवण्याबाबत : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सी-३०४ : सर्वांना नमस्कार. काटोलजवळच्या आमच्या बागेत आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली असून संत्र्याचे क्रेट आणायला दर वेळी भाड्याचा छोटा हत्ती सांगावा लागतो. त्यामुळे माझ्या बोलेरोला मागे टो हूक बसवून दोन चाकांचा लहान ट्रेलर जोडावा, असा विचार आहे. गॅरेजवाला म्हणतो की हूक दीड टनाचा आहे आणि तासाभरात वेल्डिंग करून देतो. कुणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे. ट्रेलर आवारात उभा करण्याची परवानगीही हवी आहे.

ए-१०२ : भाऊ, माझी सगळी नोकरी वाहनांच्या वर्कशॉपमध्येच झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हुकावर दीड टन लिहिलेले असले तरी तो आकडा फक्त हुकाचा आहे. गाडी किती ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत पाहावे, तिथे नसेल तर कंपनीला लेखी विचारावे, आणि गाडी, हूक, बॉल (हुकावरचा गोळा) व ट्रेलरचा कपलर (त्या गोळ्यावर बसणारे तोंड) या चौघांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान तीच आपली मर्यादा धरावी. बोलेरोला शिडीसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, आहे, ही जमेची बाजू आहे. तरीही हूक चेसिसच्या मूळ छिद्रांतच, किमान ८.८ ग्रेडच्या बोल्टांनी, टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या) आवळून बसला पाहिजे. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले पोलाद कमकुवत होते आणि तडा नेमका त्या सांध्याशेजारी जातो, म्हणून वेल्डिंगला माझा स्पष्ट नकार आहे. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.

सी-३०४ : काका, पंचवीस क्रेट म्हणजे साधारण ५०० किलो, आणि ट्रेलरचे स्वतःचे २५० किलो. एवढे चालेल का?

ए-१०२ : एकूण ७५० किलो झाले. त्याच्या दहा ते पंधरा टक्के, म्हणजे ७५ ते ११० किलो भार बॉलवर यायला हवा, आणि तेवढा भार मागच्या सीटवरच्या माणसासारखा गाडीच्या वजनात मोजावा. मोजायचे अगदी सोपे आहे : सपाट जागेवर भरलेला ट्रेलर उभा करून चाकांना दगड लावावेत, विटा रचून त्यांवर घरातला वजनकाटा ठेवावा आणि कपलर बॉलच्याच उंचीवर काट्यावर टेकवावा. भार कमी भरला, तर दोन-चार क्रेट चाकांच्या पुढच्या बाजूला सरकवावेत. एकदा जनरेटरचा ट्रेलर मी अमरावती रोडवर नेत होतो आणि वजन चाकांच्या मागे पडले होते. ताशी साठच्या आसपास ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागला. ब्रेक न दाबता स्टिअरिंग सरळ धरून नुसता ॲक्सिलरेटर सोडला, म्हणूनच बचावलो.

बॉल घेताना व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, सोबत न्यावा. ५० मिलिमीटर आणि २ इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, हे दोन बॉल डोळ्यांना सारखेच दिसतात. पण लहान बॉलवर मोठ्या मापाचा कपलर खडखडतो, आणि उलट केले तर तो नीट बसतच नाही. सुरक्षा साखळ्या कपलरखाली फुलीसारख्या ओलांडून लावाव्यात, म्हणजे कपलर निसटला तरी त्याचे नाक रस्त्यात रुतणार नाही.

बी-२०१ : दिव्यांच्या वायरिंगचे काय? माझ्या भावाच्या ट्रेलरचा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिणमिणायचा.

ए-१०२ : अर्थिंग सैल असेल. ट्रेलरची अर्थिंग बॉलच्या भरवशावर न सोडता स्वतंत्र वायरने द्यावी.

डी-५०१ : माझी एक तक्रार आहे. मागच्या महिन्यात पार्किंगमध्ये एका पाहुण्यांच्या गाडीच्या बॉलवर माझी नडगी आपटली आणि पंधरा दिवस ती हिरवी-निळी होती. बॉल काढून ठेवता येईल असाच हूक घ्यावा, ही विनंती.

ए-१०२ : मॅडम, अगदी रास्त मागणी आहे. शिवाय मागून धक्का बसला तर बाहेर राहिलेला बॉल तो थेट चेसिसकडे नेतो, आणि रिव्हर्स सेन्सरही त्यालाच अडथळा समजून विनाकारण ओरडतो.

सचिव : परवानगीबाबत समितीची भूमिका कळवतो. मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून आधी आरटीओत विचारणा करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. ट्रेलरची कागदपत्रे दाखवल्यावर पंपघराच्या भिंतीलगतची जागा देता येईल. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये तो उभा करता येणार नाही.

सी-३०४ : सर्वांचे आभार. गॅरेजवाल्याला आत्ताच फोन करून थांबवले आहे आणि सर्व्हिस सेंटरला पत्र लिहिले आहे. शनिवारी संत्री छोट्या हत्तीनेच येतील. ज्यांना क्रेट हवे असेल त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगावे. डी-५०१ च्या मॅडमकडे एक माझ्यातर्फे.