मंतरलेलं, भारलेलं की झपाटलेलं झाड? (आणि ‘ड्रुइड’चं काय करावं?)

पानगळ:
मुलांच्या एका साहसकथेचा अनुवाद करतेय. कथा जुन्या ब्रिटनमधली. एका बेटावर ओकचं जुनं झाड आहे आणि त्याच्या बळावर तिथले ड्रुइड, म्हणजे जुन्या केल्टिक लोकांचे पुरोहित, धुकं आणतात, वारा थोपवतात, पाऊस पाडतात. मी लिहिलं, ‘मंतरलेल्या ओकच्या साहाय्याने ड्रुइड हवामानावर नियंत्रण ठेवत.’ संपादकांनी एका वाक्यात तीन लाल खुणा केल्या. मंतरलेला दोरा असतो, झाड ‘झपाटलेलं’ म्हणा. ड्रुइडला ‘मांत्रिक’ म्हणा. आणि ‘हवामानावर नियंत्रण’ ही सरकारी कचेरीवरची पाटी वाटते. तिसरं निमूट मान्य. पहिली दोन पटत नाहीत, पण माझ्याकडेही बरं काही नाही. भाचीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “ओककाकांना कुणी मंतरलं?” आमच्या इमारतीत ओक राहतात.

उंबरठा:
झपाटलेलं नकोच. झपाटतो माणूस. पिंपळावर मुंजा असतो, म्हणून पिंपळ झपाटलेला होत नाही. आजी एवढंच म्हणायची, “त्या झाडावर आहे काहीतरी, तिन्हीसांजेला खालून जाऊ नकोस.” मंतरणं म्हणजे कुणीतरी बसून केलेलं काम: अंगारा, पाणी, लिंबू. तुमच्या झाडात शक्ती मुळातली आहे की ड्रुइडांनी घातलेली? मुळातली असेल तर ‘जागृत’ म्हणा.

पानगळ:
मुळातली. पण ‘जागृत’ म्हटलं की मला नारळांची दुकानं आणि चपला ठेवायचा स्टँड दिसतो.

पेडणेकार:
आमच्याकडे वडावर देवचार असतो. तो गावाची राखण करतो, त्याला रोट आणि सोरो (दारू) ठेवायचा. त्यामुळे झाडावर कोणीतरी ‘असणं’ दर वेळी वाईटच असतं असं नाही. दुसरी अडचण सांगतो. सावंतवाडीकडे ज्याच्या अंगात अवसर येतो त्या माणसालाच ‘झाड’ म्हणतात. झाड बोललं म्हणजे देव बोलला. तुमचं ‘भारलेलं झाड’ तिकडच्या पोराने वाचलं तर तो म्हणेल, यात नवीन काय, आमच्या वाडीत दोन आहेत.

दीर्घ ईकार:
मुळाकडे जाऊ या. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच ‘ड्रुइड’चा संबंध ग्रीक ‘ड्रुस’शी, म्हणजे ओकशी लावला होता. आजचे अभ्यासक शब्दाचे दोन तुकडे करतात: ‘द्रु’ म्हणजे झाड (काहींच्या मते भक्कम, पक्का) आणि ‘विद्’ म्हणजे जाणणारा. दोन्ही आपल्याच घरात आहेत. द्रुम पाहा, देवदारातला दारू पाहा, विद्वान पाहा. मग सरळ ‘द्रुविद’ लिहा! सावरकरांच्या ‘महापौर’, ‘दिनांक’लाही लोक हसलेच होते, आज कोण हसतं? आणि ‘हवामान’ही टाळा. त्यातली हवा अरबी आहे.

वर्धाकाठ:
द्रुविद? छपाईत एक उकार गळला की द्रविड. ‘ड्रुइड म्हणजे द्रविडच, इथूनच गेले ते’ हा आमच्या मामांचा लाडका सिद्धांत आहे. त्यांच्या हाती हे पुस्तक पडू देऊ नका.
बरं, मूळ कामाचं. आमच्या भागात या कामाला माणूस होता आणि त्याला नाव होतं: गारपगारी. उभा गहू शेतात असताना आभाळ भरून आलं की तो मारुतीपुढे उभा राहायचा आणि गारा बांधायचा. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. आजोबांच्या तोंडी शब्द होता ‘बांधल्या’. गारा बांधतात, पाऊस बांधतात, वारा बांधतात. वीटभट्टीवाल्यांनी पाऊस बांधला, असं लोक आजही चिडून म्हणतात. ‘नियंत्रण’ कोणी करत नाही.

पानगळ:
‘ड्रुइड त्या झाडाशी वारा बांधून ठेवत.’ घेतलं! एक लाल खूण मिटली.

दीर्घ ईकार:
गारपगारीबद्दल एक शंका. त्याची फोड ‘गार’ अधिक ‘पगार’ अशी करतात, पण ‘पगार’ पोर्तुगीज आहे. किनाऱ्यावरचा फिरंगी शब्द वर्धेच्या गारांपर्यंत कधी पोचला? मला तरी ही फोड ओढूनताणून केलेली वाटते.

वर्धाकाठ:
शब्द पोर्तुगीज असो की पाली, गारा थांबायच्या. निदान आजोबा तसं सांगत. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू, हरभरा, संत्री सगळं झोडपलं गेलं, तेव्हा बांधायला कोणी नव्हतं एवढं मी पाहिलं आहे.

उंबरठा:
शब्द सुंदर आहे, पण ड्रुइडला गारपगारी म्हणू नका. ती आजही जात आहे, लोकांच्या दाखल्यांवर आहे. कथेतला जादूगार म्हणून ती उचलणं बरं नाही. शिवाय कामही जुळत नाही. सीझरने गॉलमधले (आजच्या फ्रान्सकडचे) ड्रुइड वर्णिले आहेत. ते न्यायनिवाडा करत, यज्ञबळींचं पाहत, काहींचं शिक्षण वीस वर्षं चाले आणि विद्या लिहायची नाही, पाठच करायची. म्हणजे निम्मे न्यायाधीश, निम्मे वेदपाठी. म्हणून ‘मांत्रिक’ही तोकडा. ड्रुइडला ‘ड्रुइड’च राहू द्या. ‘सामुराई’ला मराठी शोधतो का आपण?

दीर्घ ईकार:
शोधायला हवा होता.

गॉलवेकर:
आयर्लंडहून लिहितोय. वारापाऊस हे इथल्या कथांमधल्या ड्रुइडांचं खास खातं. मीलचे मुलगे, म्हणजे दंतकथांमधले आयरिश लोकांचे पूर्वज, गलबतं घेऊन किनाऱ्याला लागतात, तेव्हा तिथले ड्रुइड वादळ उठवतात. आता हा साधा वारा की ड्रुइडी वारा, हे ओळखायचं कसं? तर एकाला डोलकाठीवर चढवतात. तो सांगतो, डोलकाठीच्या वर वारा नाहीच! म्हणजे ड्रुइडी. मला हे फार आवडतं, अगदी कोळ्याच्या डोक्यातून निघालेली परीक्षा आहे. संत पॅट्रिकच्या सातव्या शतकातल्या चरित्रात एक ड्रुइड कमरेइतका बर्फ पाडतो. पॅट्रिक म्हणतो, आता काढ. तर तो म्हणतो, उद्या या वेळेपर्यंत जमणार नाही. आणता येतं, आवरता येत नाही.
झाडांचं म्हणाल तर विहिरींजवळच्या झाडांना इथे अजून चिंध्या बांधतात. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, “ही तर आपली चिंध्यादेवी.” क्लेअर परगण्यात १९९९मध्ये पऱ्यांच्या एका काटेरी झुडपासाठी मोठ्या रस्त्याची आखणी बदलली. आणि लग्नाच्या आदल्या रात्री पाऊस येऊ नये म्हणून बाळ येशूची मूर्ती बाहेर कुंपणाखाली ठेवतात. माझ्या सहकारिणीने ठेवली होती. तरी मांडव गळला. मी विचारलं, लहानपणी खरवड खाल्ली होतीस का?

पेडणेकार:
हाहा! माझ्या बहिणीच्या लग्नात आईने सगळ्यांसमोर तेच काढलं. दुधाच्या टोपात चमचा घालून बसायची.

वर्धाकाठ:
खरवड म्हणजे आमची खुरचन ना? माझं लग्न मे महिन्यात, तरी पंगतीत पाऊस. बायको म्हणते माझ्यामुळे, मी म्हणतो तिच्यामुळे. बारा वर्षं निकाल नाही.

उंबरठा:
खुरचन वेगळी, ती मुद्दाम करतात. खरवड आपोआप लागते.

पानगळ:
खरवडीवर वेगळा धागा काढा, मी येईन. माझा पुढचा परिच्छेद अडलाय. प्लिनीने लिहिलेला विधीच लेखकाने घेतला आहे: चंद्राचा सहावा दिवस, पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड ओकवर चढतो, सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापतो, खाली पांढऱ्या कापडात झेलतात. मिसलटोला ‘बांडगूळ’ लिहिलं की सगळं पावित्र्य गेलं. आपल्याकडे ती शिवी आहे.

दीर्घ ईकार:
सहावा दिवस म्हणजे शुद्ध षष्ठी. बघा, सगळं आपल्याशी जुळतं.

हापूसवाला:
देवगडला कलमं आहेत माझी, म्हणून बोलतो. ते बांडगूळच, दुसरं काय? पिकलेलं फळ फुलटोचा खातो, चिकट बी फांदीला पुसतो, तिथे रुजतं. शब्दाला पावित्र्य तुमच्या गोष्टीतून येऊ दे. पण विळा चुकला. विळा गवताचा. झाडावर चढायचं तर कमरेला कोयता हवा. आणि कोयत्यानेही भागत नाही, कारण बांडगुळाचं मूळ फांदीच्या आत शिरलेलं असतं. वीतभर खालून फांदीच करवतीने उतरवावी लागते. नुसता पाला छाटलात तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर. त्यात सोनं मऊ, धार ती काय धरणार.

वर्धाकाठ:
म्हणूनच सोन्याचा. फांदी उतरवली असती तर पुढच्या वर्षीच्या षष्ठीला चढायचं कशाला?