उत्तर: बोनेटवर दाणे येतात, फवारा वाकडा पडतो

भाऊ, गाडीच्या बोनेटवर स्प्रे गननं रंग मारताना दाणे येतात अन् चंद्रकोरीसारखा फवारा पडून राहिला म्हणता ना, तर पहिले एअर कॅप, म्हणजे गनच्या तोंडावरची हवेची टोपी, अर्धी फिरवून पुठ्ठ्यावर मारून पाहा. वाकडेपणा कॅपसोबत फिरला तर कॅपच्या शिंगाचं, म्हणजे दोन बाजूंना पुढं आलेल्या टोकाचं, भोक बुजलं आहे, थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रशनं साफ करा, तार अजिबात घालू नका, भोक मोठं झालं की ती कॅप गेली समजा. नाही फिरला तर नोझलच्या, म्हणजे रंग बाहेर येतो त्या नळीच्या, टोकाला वाळलेला रंग चिकटला असेल.

आता ते संत्र्याच्या सालीसारखे दाणे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ ला जातो, लवकर उडणारं थिनर असलं की थेंब पत्र्यावर पसरायच्या आधीच सुकतो, म्हणून स्लो थिनर घ्या आणि सकाळी सहा-सातलाच मारा, अंगणात आधी पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसते. मी यवतमाळकडं गावातच करतो, दुपारी कधीच नाही.

बेस (रंगाचा थर) अन् क्लिअरला (त्यावरचा पारदर्शक चकचकीत थर) १.३ किंवा १.४ मिमीचं नोझल, प्रायमरला (रंगाखालचा पहिला थर) १.७ च्या आसपास. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाची) गन असेल तर प्रेशर ट्रिगर दाबून धरूनच लावा, साधारण २५ ते ३० पीएसआय, कारण ट्रिगर सोडलेला असताना काटा जास्त दाखवतो आणि सगळे तिथंच फसतात. हात सहा ते आठ इंचावर, मनगट न वळवता, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर.

कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा. आणि टू-के क्लिअरमध्ये, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरमध्ये, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, फडकं बांधून भागत नाही भाऊ, कमीत कमी कार्बन फिल्टरचा चांगला मास्क लावा अन् लेकरांना दूर ठेवा.