मदत हवी आहे: बाहुलीनाट्य आणि गटानं नाटक करणं, दोन्ही एकत्र कुठं शिकता येईल?

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातली (जि. बीड), वय २३, बीए झालंय. कॉलेजात असताना युवक महोत्सवात मूकनाट्य, एकांकिका केल्या आणि तिथूनच आमचा पाच जणांचा गट जमला. दोन वर्षांपासून आम्ही ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी बाहुल्यांचा खेळ करतोय. दसऱ्याच्या आधी गावात करतो, मग टोळ्या कारखान्यावर गेल्या की जमेल तेव्हा कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर जाऊन करतो.

आमच्या खेळात सुमी म्हणून एक बाहुली आहे, साडेतीन फुटी. फोम, कागदाचा लगदा आणि आईच्या जुन्या लुगड्यातनं बनवलीय. तिला आम्ही तिघं मिळून चालवतो, एकाकडं डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडं डावा हात, तिसऱ्याकडं पाय. ही पद्धत जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्याची, आम्ही व्हिडिओ बघून बघून उचलली. तिकडं म्हणे नुसते पाय चालवायला शिकण्यात दहा वर्षं जातात आणि मग डाव्या हाताची पाळी येते! आमच्याकडं पाय माझ्याकडं आहेत. मागच्या हंगामात एका कोपीवर खेळ संपल्यावर एक सहा-सात वर्षांची पोरगी जवळ आली, सुमीच्या पायाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "हिचे पाय मेलेत का?"

त्या दिवसापासून डोक्यात तेच आहे. पोरीचं खरं होतं. सुमी मोळी डोक्यावर घेते तेव्हा वजन आधी मानेत दिसायला पाहिजे, मग कंबरेत, मग पायात. आम्ही तिघं तीन ठिकाणी श्वास घेतो म्हणून ती तीन तुकड्यांत चालते. एकट्यानं अभिनय चांगला करून हे सुटत नाही, तिघांचं अंग एक व्हावं लागतं, आणि नेमकं तेच आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

आता मी काय काय शोधलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला परत तेच सांगावं लागणार नाही. संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, नांदेडला ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. दोन्ही जवळ, घरचेही तयार आहेत, पण माझी गरज बाहुलीची आहे. तिथं कुणी शिकलं असेल तर सांगा, बाहुलीवर स्वतंत्र काम करू देतात का? दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचं आहे. त्यांचंच आगरतळ्याला एक वर्षाचं केंद्र आहे, ते शिक्षणातल्या नाटकावर आहे आणि आमच्या कामाला तेच जास्त लागू पडेल असं मला वाटतं. कर्नाटकात हेग्गोडूला नीनासम या नाट्यसंस्थेचा एक वर्षाचा कोर्स आहे, १९८० पासून चालू. सगळे एकत्र राहतात, सेटपासून प्रयोगापर्यंत सगळं हातानं करतात असं ऐकलंय आणि मन तिकडंच ओढतंय, पण शिकवणं कन्नडमधून. माझी मामी उदगीरकडची, तिला कन्नड येतं, सहा महिन्यांत तिच्याकडून कामापुरतं शिकून घेईन म्हणते. होईल का हो तेवढ्यात?

नुसत्या बाहुलीचं म्हणाल तर कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आहे. तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या जुन्या चित्रांना पैठण शैलीची चित्रं म्हणतात हे वाचून मला किती आनंद झाला, म्हणजे आपल्या पैठणचं नाव या कलेला लागलेलं आहे आणि आपल्याकडं शाळेत त्याबद्दल एक ओळ नाही. आंध्रात निम्मलकुंटा गावात चामड्याच्या मोठाल्या बाहुल्या करणारी कुटुंबं आहेत, ती घरात मराठीच्या जवळची आरे बोली बोलतात. तिथं जाऊन राहिलं तर भाषेची अडचण कमी येईल का? दिल्लीत दादी पदमजींचा इशारा हा बाहुलीनाट्याचा ग्रुप आहे १९८६ पासूनचा, पण दिल्लीत राहण्याचा खर्च झेपणार नाही. प्राग आणि फ्रान्समधल्या शार्लव्हीलला बाहुलीचं पदवी शिक्षण आहे, ते सध्या आमच्या आवाक्यातलं नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. अण्णांची तीन एकर कोरडवाहू, वर्षाला साठ-सत्तर हजाराच्या वर घरून मागू शकत नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांना शिष्यवृत्ती आहे, महिना ५००० रुपये, दोन वर्षं, त्यात बाहुलीकला येते. वयाची अट १८ ते २५ म्हणजे माझ्याकडं दोनच वर्षं उरलीत, आणि गुरूकडं पाच वर्षं शिकल्याचं लागतं. आम्ही मोबाईलवर शिकलेली माणसं, गुरू कुठून दाखवायचा? कुणी हा फॉर्म भरलाय का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी एकटी शिकून आले तर पुरेल का? का पाचही जणांनी पंधरा-वीस दिवसांच्या वर्कशॉपला एकत्र जावं, जिथं एकच बाहुली तिघांना मिळून चालवायला शिकवतात? असं कुठं होत असेल तर महिना आणि अंदाजे फी कळवा. दसऱ्याआधी जमलं तर फार बरं, कारण नंतर टोळ्या निघतात आणि आम्हाला त्यांच्या मागं जायचंय.