मदत हवी आहे: कार्यक्रमांसाठी नवा कीबोर्ड कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. लग्नाचे संगीत, गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, भावगीतांच्या मैफली, असं माझं काम. जुन्या कीबोर्डची मधल्या सप्तकातली काळी दोन (दुसरी काळी पट्टी) एकदा दाबली की दोनदा वाजते, तीही एकदम जोरात. पट्ट्यांखालचे रबर कॉन्टॅक्ट साफ करूनही तेच, त्यामुळे आता बदलायचाच.

रोलँड जूनो डीएस ६१ की यामाहा मोडएक्स ६, दोन्ही सेकंडहँड बघतोय. जूनो हलका, शिवाय सेलवर चालतो; मंडपात लाइटवरून जनरेटरवर जाताना बंद पडणार नाही. पण मोडएक्सवर टोन (वाद्याचा आवाज) बदलताना आधीचा सूर तुटत नाही, मुखड्यातून अंतऱ्यात जाताना हे फार मोलाचं.

खरी अडचण मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. माझा हात सूर वाकवायच्या आडव्या लिव्हरवर बसलाय, जूनोवर असते तशा. यामाहावर त्यासाठी व्हील (फिरवायचं चाक) असतं; त्यावर शहनाई, सारंगीची मींड तितकीच मऊ निघते का? स्टेजवर वाजवणाऱ्यांनी कृपया सांगा.