सेरेब्रल पाल्सी, डावा हात मागे राहतो: घरी नेमका किती आणि कसला सराव?

विशेषशिक्षक_चोपडा
नमस्कार. मुलगा ५ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत अडचण), डाव्या बाजूचा हेमिप्लेजिया, म्हणजे त्या बाजूचे हात-पाय कमजोर. जीएमएफसीएस (चालण्या-फिरण्याची पातळी, १ सर्वात सौम्य ते ५ सर्वात तीव्र) १, एमएसीएस (हात वापरण्याची तशीच पातळी) २. डाव्या मुठीत वस्तू धरतो, पण उजव्याने भागतंय म्हटलं की डावा पुढे येतच नाही. आईवडील केळीच्या बागेत मजुरीला, त्यामुळे जळगावला थेरपीसाठी महिन्यातून एकच फेरी जमते. घरी आजी रोज अर्धा तास तेलाने मालिश करते आणि हात ताणून देते. तो अर्धा तास कशात घालावा? डावा वापरावा म्हणून उजव्या हाताला मोजा घालायचा का? खुब्याचा एक्स-रे यालाही लागतो का?

ओटी_धुळे
सर, आजींचा अर्धा तास ही मोठी जमेची बाजू आहे, तो फक्त वळवा. मालिश ५ मिनिटं चालू द्या, पोराला बरं वाटतं. पण मालिशने हात कामाला लागत नाही, आणि नुसतं हाताने ताणून स्नायूची लांबी टिकते याला फारसा पुरावा नाही. ठाम पुरावा आहे तो मुलाने स्वतः निवडलेलं काम स्वतः, पूर्ण आणि पुन्हा पुन्हा करण्याला. 'हाताची ताकद वाढवणे' हे ध्येय लिहू नका. 'डबा डाव्याने धरून उजव्याने झाकण उघडणे' असं लिहा.

ठरावीक ध्येय गाठायला साधारण १४ ते २५ तास लागतात, एकूणच हाताचा वापर सुधारायला ३० ते ४०. रोज ३० मिनिटं, आठवड्याला ५ दिवस धरले तर २५ तासांना १० आठवडे. महिन्याची एक फेरी कधीच पुरणार नाही ती यामुळे. त्या फेरीत थेरपिस्टने ध्येय तपासून काम एक पायरी अवघड करून द्यावं.

मोजा आणि दोन हातांचा सराव, तास सारखे असतील तर फायदा जवळपास सारखाच. ४४ अंशांच्या उन्हात मोजा पोरगं काढून फेकतं, म्हणून इथे दोन हातांची कामंच घ्या. मोजा वापरलाच तर पातळ सुती, बसून खेळताना. चालताना नको, तोल गेला तर सावरायला चांगला हात मोकळा हवा.

फिजिओ_जळगाव
स्वतः चालणाऱ्या हेमिप्लेजियाच्या मुलांत खुबा सरकण्याचा धोका कमी. तरी एक पायाभूत एक्स-रे काढून ठेवा, आणि मांडी आत वळवून चालत असेल तर पुन्हा पाहा. जीएमएफसीएस ३ ते ५ असेल तर मात्र दर ६ ते १२ महिन्यांनी हवाच. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीतून ३० टक्क्यांहून जास्त बाहेर दिसला की अस्थिरोगतज्ज्ञांकडे. दुखायची वाट पाहू नका, दुखायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. फिल्म काढताना श्रोणी (कमरेचा हाडांचा सांगाडा) सरळ आणि गुडघे वर बघणारे हवेत, नाहीतर आकडा चुकतो.

विशेषशिक्षक_चोपडा
धन्यवाद. त्याला केळं स्वतः सोलायचंय, तेच ध्येय घेतलं. पण डाव्या मुठीत केळं चुरडतं आणि मनगट आत वळतं.

ओटी_धुळे
चुरडतं कारण पकडीचा जोर मोजून लावता येत नाही. आधी बसणं बघा. टेबल कोपराच्या उंचीला, पाय लोंबकळत असतील तर खाली विटांवर पाट. केळं पिवळं पण घट्ट घ्या, लिबलिबीत नको. देठाशी सुरीने चीर आजींनी द्यावी. केळं उभं, डावा अंगठा वरच्या बाजूला, कोपर टेबलावर टेकलेलं. तळवा खाली असला की मनगट आत वळतं आणि पकड सुटते. उजव्याने साल खाली ओढायची. आजींनी त्याचा हात धरून करून घेऊ नये, अडला तर फक्त केळं सरळ करून द्यावं. ५ पैकी ४ वेळा जमलं की चीर लहान करत जा. पाचव्या केळ्यानंतर पोट भरतं, मग मटारच्या किंवा भुईमुगाच्या शेंगा. गिळायला त्रास असेल तर दाणे तोंडात जाणार नाहीत एवढं बघा.

आजींना लिहिता येत नसेल तर दर अर्ध्या तासाला बरणीत एक चिंचोका टाकायला सांगा. ५० झाले की २५ तास. पुढच्या फेरीला बरणीच घेऊन या.